खालच्या गल्लीचा वॉल

एकतीस वर्षं मी पाणी सोडलो वडगावात.
आठवड्यातनं एकदा, कधी पहाटे तीनला,
खांद्यावर छातीएवढी लोखंडी किल्ली
आणि मागनं कुत्री.
लोक म्हणायचे, भरमा आला, घागरी काढा.

निवृत्त झालो. किल्ली परत दिलो, सही केलो,
आणि हात कुठं ठेवायचे ते कळेना.
डॉक्टर म्हणाला, पोट बगा तुमचं.
म्हणून गेलो रुद्रगौडा मास्तरांकडं,
कानडी शाळेच्या व्हरांड्यात,
पलीकडचे माग अजून जागे व्हायचे असतात तेव्हा.

मास्तर म्हणाले, बंध.
मी आवळलो.
मुठी आवळलो, दात आवळलो, बूड आवळलो,
कपाळाची शीर सुतळीएवढी झाली.
मास्तर हसले. त्यांचं मराठी कानडीच्या चालीनं चालतं:
"भरमण्णा, चोर धरलास काय?
श्वास आहे तो."

सहा महिने असेच.
मूळबंध म्हणजे नेमकं कुठं,
चारचौघांत विचारायचं तर लाजच की.
मास्तर सांगत, बैठकीच्या मधोमध,
जिथं देह टेकतो आणि टेकत नाही,
तिथनं एक चिमूट वर उचल.
हळदीची चिमूट. मूठ नको.

मग एका सकाळी, थंडीत, नाक चोंदलेलं असताना,
एकदम आठवलं:
खालच्या गल्लीचा वॉल बंद केल्याबिगर
टेकावरच्या घरांना पाणी चढत नाही.
अडवायला नव्हे,
चढवायला फिरवत होतो मी किल्ली.
टेकावर, तिसऱ्या मजल्यावर, एक काळम्मा होती.
तिचं तोंड मी कधी बगितलो नाही.
अंधारातनं नुसती ओरडायची, "आलं!"

चिमूट उचललो
आणि बरगड्यांच्या मागनं कुठनंतरी
कुणीतरी म्हणालं, आलं.

मग बाकीचं सोपं झालं असं नाही.
श्वास सगळा बाहेर टाकून
मान लवव, विहिरीत बघतो तशी;
पोट आत, वर,
रिकामी पिशवी खिळ्याला अडकवावी तसं.
सोडताना एकदा घाई केलो.
ठसका, डोळ्यांपुढं काजवे.
मास्तर तोंड उघडायच्या आधीच म्हटलो,
कळलं. वॉल एकदम उघडला की पाइप दणकतो,
जुना बिडाचा असला तर फुटतोच.
पाव-पाव आटा फिरवायचा.
आधी मूळ, मग पोट, हनुवटी शेवटी.
मास्तर बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.
दुसऱ्या दिवशी वर्गाला तेच सांगितले, पाइपासकट,
माझं नाव न घेता.

मास्तर आकडे कानडीत मोजतात.
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.
माझे आतल्या आत मराठीत.
चारावर दोघंही थांबतो.
थांबलेल्या श्वासावर कुठल्या भाषेची पाटी लावायची
ते अजून कुणी ठरवलेलं नाही.

नोव्हेंबरात एक दिवस गाव बंद होतं.
शटरं खाली, रिक्षा नाही,
चौकात पोलिसांची गाडी, तिच्या बोनेटवर चहाचा पेला.
मास्तर चालत आले, दोन मैल.
वर्गाला आम्ही दोघंच.
म्हटलो, मास्तर, बाहेर बंद, आत बंध.
म्हणाले, कानडीतबी तसंच की.
सतरंजी झटकली.

आता डॉक्टर म्हणतो, बीपी आहे,
श्वास रोखायचा नाही.
बरं म्हटलो. रोखत नाही.
बसतो नुसता.
गेलेला श्वास लगेच परत येत नाही, हे आता कळतं;
मधे थोडा वेळ रस्त्यात कुणी नसतं.
पहाटे तीनची गल्ली.
किल्ली अजून फिरलेली नाही,
नळ सगळे उघडे,
त्यांतनं नुसती हवा फुसफुसते,
आणि दारादारांत
घागरी.